घरचे दृक्‌श्राव्य भांडार आणि आभासी संगणक : यंत्रनिवडीचा विवेक

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



ग्रंथसंग्रहाच्या शताब्दीच्या मांडवात संगणकाच्या यंत्रसामग्रीवर व्याख्यान व्हावे, हे काहींना विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्रंथालयाचा इतिहास हा केवळ ग्रंथांचा इतिहास नसतो. ग्रंथ ज्यात ठेवले त्या कपाटांचा, ज्या भिंतींनी ऊनपाऊस अडविला त्या भिंतींचा आणि ज्यांनी त्यांची निवड केली त्यांच्या दूरदृष्टीचाही तो इतिहास असतो. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९१० साली विल्यम अलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि आपल्या खासगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाच्या स्वाधीन केले, हे सर्वश्रुत आहे. पुढे त्या ग्रंथालयासाठी पोलादी मांडण्या आणि जाड काचेच्या फरशीचे मजले निवडले गेले. लाकूड टाळल्यामुळे आगीचे आणि वाळवीचे भय उणावले. काचेतून एका मजल्यावरचा उजेड दुसऱ्या मजल्यावर झिरपत राहिला. त्याच चळवळीत खेड्यापाड्यांकडे मात्र ग्रंथ गेले ते लाकडी पेट्यांतून, कारण तेथे वस्तू हलती असणे अगत्याचे होते. कोणत्या ऐवजास कोणते घर द्यावे, हा विचार ऐवजाइतकाच महत्त्वाचा असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आज असाच एक संग्रह मराठी घराघरांतून नकळत साठला आहे, आणि त्याला घर नाही. कपाटाच्या खालच्या खणात कॅसेटी आहेत. त्यांत नाट्यसंगीत आहे, एखाद्या गावच्या उत्सवातले कीर्तन आहे आणि क्वचित घरातल्या, आता हयात नसलेल्या माणसाचा आवाजही आहे. शेजारी मुंजीच्या आणि लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी आहेत. चुंबकीय फीत वर्षागणिक क्षीण होते, हे तर आहेच. पण त्याहून तातडीची गोष्ट अशी की, ती वाजविणारी यंत्रेच नाहीशी होत आहेत. व्हिडिओ कॅसेटीची यंत्रे शेवटपर्यंत बनवीत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली ते उत्पादन थांबविले. फीत शाबूत आणि यंत्र नाही, अशी अवस्था येण्यास आता फार काळ उरलेला नाही.

याहून विलक्षण अवस्था मराठी मजकुराची झाली आहे. १९८०च्या दशकात आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’चे काम, १९९१ साली भारतीय मानक संस्थेने स्वीकारलेली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली, अशी शिस्तीची पायाभरणी आपल्याकडे झाली होती. परंतु छापखान्यांतून आणि घरगुती संगणकांवर चलती राहिली ती ज्याच्या त्याच्या फाँटांची. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे काने, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे बसवायची, अशी ती युक्ती होती. पडद्यावर मराठी दिसे. संगणकाच्या पोटात मात्र रोमन चिन्हेच साठत. एका फाँटमधील ‘क’ची जागा दुसऱ्या फाँटमध्ये निराळ्याच अक्षराला दिलेली असे. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण घरगुती आणि कचेरीतल्या संगणकांत ती रुळण्यास पुढची दहा-बारा वर्षे लागली. त्या दरम्यान लिहिलेले प्रबंध, एकांकिका, मंडळांचे अहवाल आणि स्मरणिका जुन्या फायलींत पडून आहेत. फाँट हरवला की फाईल उघडते, पण पानावर दिसतो तो चिन्हांचा पाचोळा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांत तर अशा मजकुराच्या छापील प्रतीही मोजक्याच निघत. तेव्हा एखाद्या घरातील जुनी फाईल ही त्या मजकुराची एकमेव प्रत असू शकते. या व्याख्यानाचा विषय वरकरणी यंत्रांचा असला, तरी पणाला लागले आहे ते हे धन.

या दोन्ही गोष्टींवर एकच उपाय आज सामान्य घराच्या आवाक्यात आला आहे. आवाज, चित्रे आणि चलच्चित्रे एकत्र जपणारा आणि घरातल्या कोणत्याही पडद्यावर ती पोचविणारा एक संगणक, आणि त्याच्याच पोटात चालणारे काही आभासी संगणक. आभासी संगणक ही कल्पना जुन्या वाड्याच्या दृष्टान्ताने चटकन ध्यानात येते. वाडा एक, विहीर एक, मोठा दरवाजा एक. पण आत चार बिऱ्हाडे. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, कुलूप वेगळे, आणि एकाच्या घरचा गोंधळ दुसऱ्याच्या माजघरात शिरत नाही. वाड्याचा कारभारी प्रत्येकाला पाणी आणि जागा वाटून देतो. संगणकात हा कारभार पाहणारी एक आज्ञावली असते. ती एकाच यंत्रावर एका बिऱ्हाडात विंडोज ९८, दुसऱ्यात विंडोज एक्सपी, तिसऱ्यात लिनक्स असे संसार सुखाने नांदविते. जुन्या बिऱ्हाडात जुने मराठी सॉफ्टवेअर आणि जुना फाँट बसविला की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पान पुन्हा जसेच्या तसे दिसते, छापता येते आणि पुढे युनिकोडमध्ये रूपांतरितही करता येते.

ही कल्पना नवी नाही. आय.बी.एम. कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर ती १९६०च्या दशकात साकारली आणि १९७२ साली तिने बाजारात विकण्याजोगे रूप घेतले. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघा अभ्यासकांनी, एखादा प्रोसेसर अशा कामास पात्र केव्हा ठरतो, याच्या अटी मांडल्या. घरगुती संगणकातले प्रोसेसर त्या अटी पुऱ्या करीत नव्हते. १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने सॉफ्टवेअरच्या चातुर्याने ती उणीव झाकली. २००५ साली इंटेलने व २००६ साली एएमडीने ती सोय प्रोसेसरमध्येच घातली. आणि २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम हा कारभारी दाखल झाला. जे एके काळी मोठमोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित दालनातच संभवत असे, ते आज टेबलाच्या कोपऱ्यावर होते.

आता निवडीचा मुद्दा. दुकानात जाऊन ‘चांगला संगणक द्या’ असे म्हणणारा गृहस्थ आणि ग्रंथालयात येऊन ‘चांगले पुस्तक द्या’ असे म्हणणारा वाचक, दोघांची गत एकच होते. समोर जे असेल ते हाती पडते. म्हणून पहिला नियम असा की, यंत्राची यादी करण्यापूर्वी कामाची यादी करावी, आणि तीही आकड्यांत.

असे एक घर कल्पावे. त्यात तासाभराच्या २०० कॅसेटी आहेत. ध्वनी जतन करण्यासाठी सेकंदास ९६,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, हे उत्तम प्रमाण मानले जाते. त्या हिशेबाने तासाला दोन गिगाबाइटांहून किंचित अधिक जागा लागते. म्हणजे सुमारे ४१५ गिगाबाइट. तीन-तीन तासांच्या ४० व्हिडिओ कॅसेटी आहेत. डीव्ही पद्धतीने त्या उतरविल्या तर तासाला १३ गिगाबाइट, एकूण १,५६० गिगाबाइट. साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच पानांची, ३०० पानी अशी ५० दुर्मीळ पुस्तके इंचास ४०० बिंदू या दराने रंगीत स्कॅन केली, तर न आवळलेले एक पान सुमारे साडेबावीस मेगाबाइटांचे होते आणि सर्व पुस्तके मिळून ३३५ गिगाबाइटांच्या घरात जातात. मोबाइलवर घेतलेले वीस तासांचे फोर-के चित्रण सेकंदास ५० मेगाबिट या दराने आणखी ४५० गिगाबाइट घेते. एकूण बेरीज पावणेतीन टेराबाइट. ध्वनी व पाने दर्जा न घटविता आवळता येतात, त्यामुळे प्रत्यक्ष जागा याहून कमीच लागेल. या घरास ८ टेराबाइटांची डिस्क पुढील कित्येक वर्षे पुरेल, आणि विक्रेत्याने पुढे केलेल्या २० टेराबाइटांच्या डिस्कचे त्याला काही प्रयोजन नाही. हिशेब केल्यावाचून हे कळत नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतील अखेरचे सूत्र ग्रंथालय हे वर्धिष्णू असल्याचे सांगते. म्हणून आजच्या गरजेच्या दुप्पट-तिप्पट जागा ठेवावी, दहापट नव्हे.

प्रोसेसरच्या निवडीत तीन प्रश्न विचारावेत. पहिला, आभासी संगणकांसाठीची सोय त्यात आहे काय? गेल्या दहा वर्षांतील बहुतेक सर्व प्रोसेसरांत ती असते. मात्र पुष्कळदा मदरबोर्डाच्या मांडणीत ती बंद ठेवलेली असते आणि विनाकारण यंत्रास दोष दिला जातो. एखादे कार्ड थेट एका आभासी संगणकाच्या ताब्यात द्यायचे असेल, तर त्याला आणखी एक निराळी सोय लागते. तिचे इंटेलकडील नाव व्हीटी-डी आणि एएमडीकडील नाव एएमडी-व्हीआय असे आहे. ती प्रोसेसर व मदरबोर्ड या दोहोंत असावी लागते.

दुसरा प्रश्न चलच्चित्रांच्या रूपांतराचा. चित्रफिती आवळण्याच्या पद्धती बदलत गेल्या आहेत. २००३ सालची एच.२६४, २०१३ सालची एचईव्हीसी आणि २०१८ सालची एव्ही१ या त्यांतल्या प्रमुख. घरातल्या टीव्हीला फितीची पद्धत कळत असेल, तर संगणकाचे काम केवळ ती पोचविण्याचे. ते अगदी साधा प्रोसेसरही करतो. टीव्ही जुना असेल, तर चालू असतानाच फितीचे रूपांतर करावे लागते, आणि त्या कामाने चांगला प्रोसेसरही घामाघूम होतो. यासाठी प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्स भागात स्वतंत्र मंडल असते. इंटेलने २०११ साली आणलेले क्विक सिंक हे त्याचे ठळक उदाहरण. एव्ही१ फीत उलगडण्याची क्षमता त्या घराण्यात ११ व्या पिढीपासून आली. येथे एक सावधगिरी बाळगावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात हा ग्राफिक्स भागच नसतो. किंमत थोडी कमी असल्याने दुकानदार तो आग्रहाने दाखवितो. दृक्‌श्राव्य भांडारासाठी मात्र ती बचत महागात पडते.

तिसरा प्रश्न गाभ्यांच्या संख्येचा. अनेक आभासी संगणक एकाच वेळी चालवायचे असतील तर अधिक गाभे हवेत; चार गाभ्यांत घरगुती संसार भागतो, सहा-आठ असल्यास ऐसपैस होतो. पण जुन्या मराठी फायलींसाठी एक निराळी बाब ध्यानात ठेवावी लागते. विंडोज ९८ सारखी प्रणाली अलीकडच्या काही प्रोसेसरांवर आभासी संगणकात अडखळते. अशा वेळी संपूर्ण जुन्या यंत्राची, त्याच्या प्रोसेसरसकट, सॉफ्टवेअरमधून नक्कल करणारी आज्ञावली वापरावी लागते. ८६बॉक्स ही त्यांपैकी एक. या नकलेचा भार मुख्यतः एकाच गाभ्यावर पडतो, म्हणून तेथे गाभ्यांच्या संख्येपेक्षा एकेका गाभ्याचा वेग मोलाचा ठरतो. ज्याचे मुख्य काम जुना मजकूर सोडविण्याचे आहे, त्याने हे विसरू नये.

रॅमचा हिशेब बिऱ्हाडांच्या बेरजेने करावा. कारभारी आज्ञावलीस ४ गिगाबाइट, दृक्‌श्राव्य सेवेस २, विंडोज ९८ ला अर्धा, विंडोज एक्सपीला १, आणि घरातील विद्यार्थ्याच्या लिनक्सला ४. बेरीज साडेअकरा होते. १६ गिगाबाइटांत हे घर सुखाने राहते. यात विंडोज ११ साठी ८ गिगाबाइट मिळविले, की बेरीज साडेएकोणीस होते आणि ३२ घेणे भाग पडते. विंडोज ९८ ला दिलेल्या अर्ध्या गिगाबाइटात अजिबात कंजूषपणा नाही; ती प्रणाली ५१२ मेगाबाइटांहून अधिक रॅम समोर आली तर उलट गोंधळते. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे ही बेरीज कागदावर करून मगच दुकानाची पायरी चढणे शहाणपणाचे. मात्र मदरबोर्डावर एखादी जागा मोकळी राहील, अशी योजना असावी.

रॅमच्या बाबतीत चूक दुरुस्त करणाऱ्या जातीविषयीही बोलले पाहिजे. स्मृतीतला एखादा बिट क्वचित आपोआप उलटतो. तो हेरून दुरुस्त करण्याचे गणित रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केले, आणि ईसीसी रॅम त्याच तत्त्वावर चालते. अमोल ध्वनिमुद्रणे जपणाऱ्या यंत्रात ती असणे इष्ट. पण प्रोसेसर व मदरबोर्ड दोघांचीही तिला संमती लागते, आणि म्हणून खर्च वाढतो. डीडीआर५ रॅममध्ये ही सोय ‘आपोआपच असते’ असे दुकानात सांगितले जाते. त्या रॅमच्या चकतीत असलेली दुरुस्ती केवळ चकतीपुरती असते. रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती पहारा देत नाही. तेव्हा ‘आपोआप’ या शब्दावर विसंबू नये. ऐपत नसेल तर साधी रॅम घ्यावी आणि वाचलेले पैसे आणखी एका प्रतीवर खर्च करावेत; तो सौदा अधिक लाभाचा.

आता डिस्क. येथे दोन जाती दोन कामांसाठी घ्याव्या लागतात. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा डोक्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा सुमारे चार सहस्रांश भाग, केवळ वाट पाहावी लागते. शिवाय डोके सरकण्याचा वेळ निराळाच. एक चित्रपट सलग वाचायचा असेल तर ही वाट पाहणे जाणवत नाही. पण तीन-चार आभासी संगणक एकाच वेळी चार ठिकाणचे मागू लागले, की डिस्क नुसती येरझाऱ्या घालते आणि सारा वाडा ठप्प होतो. म्हणून आभासी संगणकांसाठी एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारे काही नाही; ५०० गिगाबाइट ते १ टेराबाइट पुरते. दृक्‌श्राव्य भांडारासाठी मात्र हार्ड डिस्कच किफायतशीर.

हार्ड डिस्क घेताना तिच्यावरील पट्टे शेजारी-शेजारी आहेत की घराच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर चढविलेले, हे विचारून घ्यावे. पहिल्या पद्धतीस सीएमआर व दुसरीस एसएमआर म्हणतात. कौलारू पद्धतीत मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात. त्यामुळे एकदा लिहून ठेवण्यास ती चालते, पण जोडडिस्कांच्या रचनेत एक डिस्क बदलून नवी भरताना ती फार मागे पडते. २०२० साली डिस्क-उत्पादकांनी काही डिस्का या पद्धतीच्या असल्याचे ठळकपणे न सांगता विकल्याचे उघड झाले आणि ग्राहकांत मोठी नाराजी पसरली. तेव्हापासून उत्पादक ही माहिती प्रसिद्ध करतात; ती वाचावी.

दोन डिस्कांवर एकच मजकूर आरशाप्रमाणे ठेवण्याची रेड ही रचना १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांच्या शोधनिबंधातून रूढ झाली. तिचा उपयोग निश्चित आहे. एक डिस्क निमाली तरी काम थांबत नाही. पण आरसा म्हणजे प्रत नव्हे. फाईल चुकून पुसली, तर आरशातही ती पुसली जाते. वीज कोसळली, चोरी झाली किंवा पाणी शिरले, तर दोन्ही डिस्का एकत्रच जातात. म्हणून जाणकारांचा साधा दंडक असा आहे की, ऐवजाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक तरी प्रत घराबाहेर असावी. ज्यांच्याजवळ पैसा मोजका आहे, त्यांनी आरसा सोडावा, पण बाहेरची प्रत सोडू नये. परगावी असलेल्या बहिणीच्या किंवा मुलाच्या कपाटात ठेवलेली एक डिस्क, दर दिवाळीस बदलली जाणारी, ही पुष्कळ महागड्या रचनांहून श्रेष्ठ ठरते. २००५ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिसमध्ये आलेली झेडएफएस ही मांडणी प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची तपासबेरीज जपते आणि कुजलेला तुकडा हेरून आरशातल्या चांगल्या तुकड्याने तो दुरुस्त करते. वाळवी लागल्याचे कपाट स्वतःच ओरडून सांगेल, अशी ती व्यवस्था होय.

मदरबोर्ड आणि पेटी यांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, भविष्यातील जागा मोजावी. डिस्क जोडण्याची किमान चार ठिकाणे असावीत. कार्ड बसविण्यास एखादी फट मोकळी असावी. १९९०च्या दशकातील अनेक मराठी सॉफ्टवेअरे प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या कुलपाखेरीज चालत नसत. अशा घराने ते कुलूप जपून ठेवावे आणि प्रिंटरचा जुना पोर्ट देणारे कार्ड बसविता येईल असाच मदरबोर्ड निवडावा. कुलूप यूएसबीचे असल्यास काम सोपे. ते आभासी संगणकाकडे सहज सोपविता येते. घरातील जाळे तारेचे असावे. गिगाबिटाच्या तारेतून सेकंदास ११० मेगाबाइटांच्या आसपास मजकूर वाहतो, आणि फोर-के ब्ल्यू-रे चकतीचा कमाल दरही त्याहून पुष्कळ कमी असतो. जाड भिंतींच्या जुन्या घरात वायफायवर रुसून बसण्यापेक्षा एकदा तार ओढावी.

हे यंत्र अष्टौप्रहर चालणार, म्हणून विजेचा हिशेब टाळता येत नाही. सूत्र सोपे आहे. वर्षभर अखंड ओढलेला एक वॅट म्हणजे पावणेनऊ युनिट. १२ वॅटचे छोटे यंत्र वर्षाला १०५ युनिट घेते; दोन हार्ड डिस्का असलेले ४५ वॅटचे यंत्र ३९४; आणि एखाद्या कचेरीतून स्वस्तात मिळालेला १५० वॅटचा जुना सर्व्हर १,३१४. युनिटास ८ रुपये धरले तर पहिल्याचे बिल सुमारे ८४० रुपये, दुसऱ्याचे ३,१५० आणि तिसऱ्याचे साडेदहा हजार होते. फुकट मिळालेला हत्ती चाऱ्यापायी दिवाळे काढतो, तो असा.

ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद या बाजूंचा उन्हाळा आणि गोव्याकडचा दमटपणा लक्षात घेता यंत्र माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवू नये. हवेशीर कोनाड्यात, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावे आणि धुळीची जाळी महिन्याकाठी झटकावी. भिंतीतील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. दिव्यापंख्यांसाठी बसविलेला इन्व्हर्टर वीज गेल्यावर क्षणभर दम घेतो. तेवढ्यात संगणक बंद पडून लिहिणे चाललेली फाईल अर्धवट राहू शकते. म्हणून यूपीएस स्वतंत्र घ्यावा, आणि तोही यूएसबीच्या तारेने संगणकाला ‘आता आवरा’ असा निरोप देणारा. बॅटरी दहा मिनिटे टिकली तरी पुरे, कारण तिचे काम चित्रपट पूर्ण करण्याचे नसून यंत्राला नीट निजविण्याचे आहे.

मग नेमके काय घ्यावे? ऐपत आणि काम पाहून तीन पायऱ्या मानता येतील. ज्यांना केवळ संगीत व चित्रफिती जपायच्या आहेत आणि एखादे जुने विंडोज हवे आहे, त्यांना २०२३ साली आलेल्या इंटेल एन१०० सारख्या चार गाभ्यांच्या प्रोसेसरचे छोटे यंत्र पुरते. उत्पादकाच्या सांगण्यानुसार ते १६ गिगाबाइटांपर्यंतच रॅम घेते, ही त्याची मर्यादा; आणि बहुतेक छोट्या पेट्यांत मोठ्या हार्ड डिस्कला जागा नसते, ही दुसरी. जुन्या यंत्राच्या संपूर्ण नकलेसही ते तोकडे पडते. दुसरी पायरी कचेऱ्यांतून निघालेल्या वापरलेल्या संगणकांची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे पुष्कळ सुस्थितीतील संगणक बाजूला पडले. लिनक्सच्या कारभारास ते उत्तम चालतात. घेताना डिस्क मात्र नवी घालावी, पंख्याचा आवाज ऐकावा आणि पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा तर नाही ना, ते पाहावे. तिसरी पायरी स्वतः भाग निवडून जुळविलेल्या यंत्राची: सहा-आठ गाभे, ३२ गिगाबाइट रॅम, एक एसएसडी, आरशातल्या दोन हार्ड डिस्का आणि घराबाहेर ठेवण्याची तिसरी. ज्या घरात ध्वनी, चित्रे आणि जुना मराठी मजकूर तिन्ही आहेत, आणि शिकणारी मुलेही आहेत, त्या घरास ही पायरी शोभते. कोणत्याही पायरीवर जुन्या प्रणालीचा आणि सॉफ्टवेअरचा परवाना आपल्या नावचा असल्याची खात्री करावी. जुने झाले म्हणून ते बेवारस होत नाही.

एवढे करूनही हे यंत्र पाच-सात वर्षांनी थकेल, डिस्का त्याआधीही दगा देतील. त्यात शोक करण्यासारखे काही नाही. आभासी संगणकाचा मोठा गुण हाच की, तो काही फायलींच्या रूपात असतो. जुना वाडा पडण्यापूर्वी बिऱ्हाड सामानासकट उचलून नव्या वाड्यात नेता येते. मात्र त्यासाठी नोंद हवी. जसे ग्रंथालयात दाखलनोंदवहीवाचून पुस्तक कपाटात जात नाही, तसे येथेही व्हावे. कोणती कॅसेट कोणत्या फाईलमध्ये उतरली, कोण गात आहे, साल कोणते, कोणत्या मजकुरास कोणता फाँट लागतो, परवलीचे शब्द कोठे ठेवले आहेत आणि बाहेरची प्रत कोणाकडे आहे, हे सर्व कागदाच्या वहीत, शाईने लिहावे. ती वही घरातल्या किमान दोघांना ठाऊक असावी, कारण संग्रह जमविणारा माणूस आणि तो उघडणारा माणूस नेहमी एकच असेल असे नाही.

या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी अशा कॅसेटी, अशा फायली आहेत. त्यांनी यंत्र घेण्याचा निर्णय सावकाश घ्यावा. पण दोन कामे या महिन्यातच करावीत. हाती असलेल्या कॅसेटींची व जुन्या फायलींची यादी लिहून काढावी आणि जुन्या संगणकातील मराठी फाँट, सॉफ्टवेअरच्या चकत्या व कुलपे एका डब्यात घालून त्यावर चिठ्ठी डकवावी. संगणक उद्याही मिळेल, कदाचित अधिक चांगला मिळेल; फाँटची ती चकती भंगारात गेली तर ती पुन्हा मिळण्याची आशा फार थोडी. वाचनालयाच्या पुढील शताब्दीच्या स्मरणिकेस ज्या मजकुराची गरज पडेल, त्यातला काही भाग आज कोणाच्या तरी घरी त्या डब्याची वाट पाहत आहे.